परवा बोला, काकू

टॅक्स ऑडिटची मुदत संपली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी जिमचे पैसे भरले. साताऱ्यात एका सीएच्या ऑफिसात मी २२ वर्षं हिशेब बघते आहे. आमच्याकडं माणूस सप्टेंबरात खुर्चीत बसतो तो ऑक्टोबरातच उठतो. त्या वर्षी त्या उठण्यालाच वेळ लागायला लागला. आधी टेबलाचा काठ धरायचा, मग 'आई गं' म्हणायचं, मग कंबर सरळ. समोरच्या टेबलावर आर्टिकलशिप, म्हणजे सीए व्हायची उमेदवारी, करणारा मुलगा हे रोज बघत असणार. एकदा न राहवून म्हणाला, "मॅडम, तुम्ही हप्त्याहप्त्यानं उठता." पोरगं हुशार आहे, होईल पास.

त्यातच रक्ताचा रिपोर्ट आला. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.२. मधुमेह म्हणायला ६.५ लागतात. म्हणजे साखर अजून घरात शिरली नव्हती, दारात चप्पल काढून उभी होती. वय ४८. डॉक्टर म्हणाले, चाला, आणि थोडं वजन उचला, या वयात नुसत्या चालण्यानं भागत नाही. बायकांना 'वजन कमी करा' सांगणारे पैशाला पासरी भेटतात. 'वजन उचला' म्हणणारा हा पहिलाच, म्हणून ऐकलं.

जिम एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर आहे. सकाळी सात ते आठ बायकांची वेळ. लग्नसराईत खालून सनई आणि मसालेभाताचा वास येतो आणि वर आम्ही डंबेल घेऊन उभ्या. शिकवायला कोरेगावकडची एक मुलगी आहे, चोवीस-पंचवीसची. कॉलेजात कबड्डी खेळायची. गुडघ्याचं लिगामेंट तुटलं आणि खेळ सुटला. हे तिनं मला पुष्कळ नंतर सांगितलं, पण आपण पाय वाकडा टाकला की तिची नजर आधी आपल्या गुडघ्यावर का जाते, ते तेव्हा कळलं.

पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "काकू, आधी काही केलंय का?"

"घरकाम," मी म्हटलं. जरा ठसक्यातच.

ती हसली नाही. तिनं वहीत 'नाही' लिहिलं.

मग दहा मिनिटं चालणं. मग बैठका, त्याही खऱ्या नव्हेत. मागं खुर्ची ठेवायची, बूड टेकतंय न टेकतंय तोवर उठायचं. दहाचे तीन सेट. मग भिंतीला हात लावून जोर. शेवटी एक लाकडी पायरी: एका पायानं वर चढायचं आणि दुसरा पाय अगदी सावकाश, चार आकडे मोजत, खाली आणायचा. मला वाटलं होतं निदान कुठंतरी लोखंड खणखणेल. घामसुद्धा नीट आला नाही.

"एवढंच?"

"एवढंच. आणि कसं वाटलं ते आज सांगू नका. परवा बोला, काकू."

ती दुसऱ्या बाईकडं वळली तशी मी त्या पायरीवर आणखी दोन सेट मारले. फुकटचे. उभा जन्म लोकांची उधारी मांडण्यात गेला, पण आपण उधारीवर काही उचलतोय हे काही माझ्या ध्यानात आलं नाही.

दुसरा दिवस झकास गेला. मांड्यांना थोडी जाणीव होती, नव्या चपलेची असते तितकीच. ऑफिसात मी तिघांना तरी सांगितलं की व्यायामाचं उगीच अवडंबर करतात लोक.

तिसऱ्या दिवशी सकाळी गजर बंद केला, पाय पलंगाखाली सोडले आणि उठायला गेले, तर मांड्यांनी साफ हात वर केले. मांड्यांना हात असतात का, असला विनोद तेव्हा सुचत नाही. कसंबसं भिंतीला धरून बाथरूम गाठलं. आमच्याकडं कमोड आहे म्हणून निभावलं असं लोक म्हणतील. पण कमोडवर बसणं म्हणजे शेवटी बैठकच की. डावा हात नळावर, उजवा खिडकीच्या गजावर. खाली जायला सुरुवात केली. अर्ध्यापर्यंत ठीक. शेवटचं चार बोटं अंतर उरलं तिथं मांड्या एकदम सुटल्या, मी धपकन बसले, कोपर लागून बादली कलंडली, आणि तिच्यातला तांब्या फरशीवर वाजत वाजत दारापर्यंत गेला.

बाहेरून आत्यांचा आवाज. "पडली का काय गं?"

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. वय ७९, माहेर आणि सासर दोन्ही खटाव तालुक्यातलं, गेली पंधरा वर्षं आमच्याजवळ साताऱ्यात. मी बाहेर आले तर त्या दाराशी उभ्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि चौकशी सुरू केली. ठणकतंय का आंबलंय? एका पायात का दोन्ही? बसून राहिलं तरी दुखतंय, का हललं की? एका जागी बोट ठेवून दाखवता येतंय का सगळीकडं सारखंच? मी उत्तरं देत गेले. दोन्ही पाय. हललं की. बोट नाही ठेवता येत, आख्खी मांडीच.

"मग आंबलंय," त्या म्हणाल्या आणि चहाला गेल्या. त्यांच्या लेखी विषय संपला.

मी मात्र त्या शब्दापाशी अडकले. आंबणं. लहानपणापासून ऐकलेला शब्द. लांबच्या प्रवासानं अंग आंबतं, कामानं आंबतं. पण आंबतं काय काय घरात? इडलीचं पीठ, अनरशांचं तांदूळ, जिलबीचं पीठ. आणि यातलं काहीही भिजवल्या भिजवल्या आंबत नाही. रात्र जावी लागते, कधी दोन-तीन. वेळ त्या शब्दातच आहे. त्या पोरीनं 'परवा बोला' म्हटलं त्याचा अर्थ एवढाच होता.

ऑफिस पहिल्या मजल्यावर. जिना चढताना काही विशेष झालं नाही, हेच मोठं नवल. उतरताना मात्र कठडा दोन्ही हातांनी धरून, तिरकी होऊन, खेकड्यासारखी उतरले. आमच्या गावाला हे दृश्य नवीन नाही. इथं पावसाळ्याच्या शेवटी हिल मॅरेथॉन होते. २१ किलोमीटर, यवतेश्वरचा घाट चढून जायचं आणि तोच उतरून यायचं. पळणारे आदल्या आठवड्यात बोलतात ते सगळं चढाबद्दल. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, बँकेत, शाळेत, कलेक्टर कचेरीत धडधाकट माणसं जिना उलटे उतरताना दिसतात. त्यांना घाटाच्या चढानं नाही, उतारानं गाठलेलं असतं. अजिंक्यताऱ्यावर रोज जाणाऱ्यांनाही विचारा. चढताना छाती बोलते, उतरल्यावर मांड्या.

याचं कारण त्या रात्री वाचलं. कूस बदलता येत नव्हती, झोप लागत नव्हती, मोबाइल हातात होता. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना उलटं: अंगाचा भार तोलत तोलत त्याला लांब व्हावं लागतं. रहाटाचा दोर हात न सोडता ढिला करत जाणं म्हणजे काय, ते विहिरीवर पाणी भरलेल्याला सांगावं लागणार नाही. या ढिलं सोडण्याच्या कामात स्नायूच्या आतल्या बारीक धाग्यांना इजा होते, मग तिथं दुरुस्तीची माणसं जमतात, थोडी सूज येते, आणि आसपासच्या नसा हळव्या होतात. या सगळ्याला वेळ लागतो. म्हणून दुखणं बारा-चोवीस तासांनी डोकं वर काढतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं आणि आठवड्याच्या आत जातं. १९०२ साली थिओडोर हफ नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानं एर्गोग्राफ नावाच्या यंत्रावर स्नायू दमवून बघितले आणि म्हटलं, हे उशिराचं दुखणं नुसत्या थकव्याचं नाही, आत काहीतरी तुटत असणार. सव्वाशे वर्षं होत आली. तरी अजून आमच्या जिममध्ये 'लॅक्टिक ॲसिड साठलंय' म्हणणारे आहेतच. ते ॲसिड व्यायाम थांबल्यावर तास-दोन तासांत निघून जातं. परवाच्या दुखण्याचा आळ त्याच्यावर घालणं म्हणजे सोमवारच्या चोरीसाठी शनिवारीच गाव सोडून गेलेल्या माणसाला पकडणं.

आणि माझे ते फुकटचे दोन सेट? पायरी उतरण्याचे. नेमके तेच.

उपायांबद्दल घरात तीन पक्ष पडले. नवऱ्याचा पक्ष आयोडेक्सचा. आत्यांचा निर्गुडीचा: पाला तव्यावर गरम करून फडक्यात बांधायचा आणि शेकायचं. शेजारणीचा पक्ष गोळीचा. जिमवालीला फोन केला तर ती म्हणाली, गोळी नको, चाला, पाणी प्या, रात्री झोपा. आणि जाता जाता, अगदी सहज सांगावं तसं, "काकू, लघवीचा रंग बघा. कोलासारखी काळपट झाली तर मला नाही, डॉक्टरांना फोन करायचा, लगेच." अतिश्रमानं स्नायू फारच तुटले तर त्यातलं द्रव्य रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडांना बाधू शकतं. माझ्यासारख्या खुर्चीवरच्या बैठकावालीला ती भीती जवळजवळ नाही, पण तिनं सांगितलं हे मला आवडलं. तिन्ही पक्षांचे उपाय मी करून बघितले, गोळी सोडून. निर्गुडीनं बरं वाटलं. आयोडेक्सनंही वाटलं. त्यात औषध किती आणि दुसरं कुणीतरी आपले पाय चोळून देतंय याचं सुख किती, याचा हिशेब मी मांडलेला नाही.

खरा प्रश्न पुढचा होता. परत जायचं कधी? अक्कल म्हणत होती, दुखायचं पूर्ण थांबलं की. आत्या म्हणाल्या, आजच.

त्यांचं म्हणणं शाळूच्या काढणीवरचं. खटाव-माण भागात रब्बीची ज्वारी कापत नाहीत. मुळासकट उपटतात, कडबा लांब मिळावा म्हणून. माघ-फाल्गुनात बायकांची टोळी पहाटे रानात उतरायची, कारण ऊन चढलं की ताटं कडक होतात आणि पानं हात कापतात. वाकायचं, धाट धरायचं, कंबरेतून हिसका मारून उपटायचं, आडवं टाकायचं, पुढचं धाट. पहिल्या दिवशी पोरी गाणी म्हणत काम करायच्या. तिसऱ्या दिवशी सकाळी एकीलाही चुलीपुढं बसता यायचं नाही. "मग जायचा का न्हाई?" मी विचारलं. "मुकादम काय आमची मांडी चेपाया येनार व्हता?" जायच्याच. आणि त्यांचा अनुभव असा की रानात गेल्यावर पहिला अर्धा तास जीव जातो, मग अंग सुटतं. घरी निजून राहिलेली मात्र पाच दिवस कण्हत राहते.

जिमवालीच्या भाषेत हेच निराळ्या शब्दांत होतं. हलकं काम केलं की दुखणं तेवढ्यापुरतं कमी होतं. आणि एकदा सोसलं की स्नायू लक्षात ठेवतो: तोच व्यायाम आठ-दहा दिवसांनी केला तर पहिल्याइतकं मुळीच दुखत नाही, आणि हे कवच काही आठवडे टिकतं. म्हणून काढणीच्या पहिल्या आठवड्यात कण्हणाऱ्या बायका तिसऱ्या आठवड्यात पुन्हा गाणी म्हणतात.

मी चौथ्या दिवशी गेले. गेल्यावर आत्यांचं ऐकल्याचा पहिला अर्धा तास पश्चात्ताप झाला, आणि नंतर झाला नाही.

एक गोष्ट मात्र तेव्हापासून टोचते. आत्यांनी ती टोचायला म्हणून सांगितली नव्हती. मी जिमची महिन्याची पावती कपाटावर ठेवली होती, १,००० रुपयांची. ती त्यांनी वाचली. चौथीपर्यंत शिकल्यात, पण आकडे वाचायचे सोडत नाहीत. म्हणाल्या, "आमाला अंग आंबवायचं पैसं मिळायचं. तू भरतीस व्हय?" हसल्या. मीही हसले. त्यांची कंबर आज जी वाकली आहे ती व्यायामानं नाही. सोसण्याला वर कुणाची हद्द नव्हती, मध्ये सुट्टी नव्हती, बाळंतपणं होती, आणि ताटात दुसऱ्यांचं वाढून उरेल ते होतं. आम्हाला वहीत लिहून देतात: आज पाय, उद्या विश्रांती, परवा हात, आणि रोज एक वाटी मटकी नाहीतर दोन अंडी. तेच कष्ट, पण मध्ये विश्रांती घातली की त्याला व्यायाम म्हणतात. आत्यांचे वडील औंध संस्थानातल्या शाळेत शिकलेले. तिथं राजेसाहेबांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, शाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. त्यामुळे ते म्हातारपणापर्यंत पहाटे नमस्कार घालायचे. त्यांचे नमस्कार होईपर्यंत त्यांच्या लेकीच्या आडावर चार खेपा झालेल्या असायच्या. तो व्यायाम कुणी मोजला नाही.

असो.

दुखण्याची भीती गेली तशी दुसरीच अडचण उभी राहिली. थांबायचं कुठं? जिमवाली म्हणे, "दम लागला पाहिजे, पण माझ्याशी बोलता आलं पाहिजे. बोलता यावं, गाता येऊ नये." सायकलवर बसून मी हे आरतीवर तपासून बघितलं. पहिलं कडवं निघालं, 'जय देव जय देव'ला दम तुटला. म्हणजे बरोबर. मग मनात आलं, आत्या तर जात्यावर ओव्या गायच्या. दोन पायली दळण आणि वर गाणं! विचारलं तर म्हणाल्या, एकटीनं न्हाई, दोघी बसायचो, एक म्हनायची तवा दुसरी दम खायची. ओवी एवढी आखूड का, याचं कारण कुणी पंडित काहीही सांगो, माझ्या मते ती बाईच्या एका दमाच्या मापाची आहे.

आमच्या जिममध्ये येणाऱ्या एक बाई आयुर्वेदाच्या डॉक्टर आहेत. त्यांनी याच विषयावर वाग्भट, आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार, काढला. त्याचं म्हणणं, व्यायाम अर्ध्या शक्तीनं करावा. तोही धडधाकट आणि तूपतेल खाणाऱ्या माणसानं, थंडीत आणि वसंतात. बाकीच्या ऋतूंत आणखी कमी. जो अति करतो त्याची गत हत्तीला ओढायला गेलेल्या सिंहासारखी. मला हे फार पटलं, पण बावीस वर्षांची सवय, लगेच शंका आली: एकूण किती ते माहीत नसताना निम्मं काढायचं कसं? माझी पूर्ण शक्ती किती हे मला ४८ वर्षांत कुणी विचारलेलं नव्हतं, मी तर कधी मोजली नव्हती. बाई हसल्या. म्हणाल्या, सुश्रुतानं खूण सांगितली आहे. नाकानं श्वास पुरेनासा झाला आणि तोंड उघडावं लागलं की समजायचं, निम्मी झाली. म्हणजे पुन्हा आरतीच.

ही खूण दम मोजते. पण आपण आहोत तेवढेच आहोत हे कबूल करायला दुसरीच खूण लागते, ती मला पाचव्या आठवड्यात मिळाली.

तोवर बैठका खुर्चीशिवाय जमत होत्या. दोन्ही हातांत पाच-पाच किलो आलं होतं. जिना सरळ उतरत होते. ऑफिसात एका दमात उठत होते, आर्टिकलशिपवाल्यानं त्याची नोंद घेतली होती. अंगात नवी गुर्मी होती, आणि एका रविवारी सकाळी गॅस संपला. भरलेलं सिलिंडर मागच्या बाल्कनीत. नवरा अंघोळीला. एरवी मी ते तिरकं करून काठावर गोल फिरवत आणते, सगळ्याच बायका आणतात. त्या दिवशी म्हटलं, उचलू की. आतला गॅस १४.२ किलो आणि लोखंड साधारण तेवढंच, म्हणजे एकूण तीस किलोच्या घरात. जिममध्ये मी दहा उचलत होते. हिशेबनीस बाईनं हा हिशेब सिलिंडर जमिनीपासून वीतभर वर गेल्यावर केला.

कमरेच्या डाव्या बाजूला काहीतरी 'कट' झालं. आवाज आला नाही, पण ऐकू आल्यासारखं वाटलं. सिलिंडर खाली ठेवलं, आणि मी तशीच वाकलेली राहिले. सरळ होता येईना, बसता येईना. श्वास घेतला तरी कळ. आत्या आल्या. या वेळी त्यांनी एकच प्रश्न विचारला, "श्वासाला लागतंय?" मी मान हलवली.

"उसण भरली," त्या म्हणाल्या. या वेळी चहाला गेल्या नाहीत. मला धरून कुशीवर निजवलं, गुडघ्यांमध्ये उशी दिली, आणि नवऱ्याला बाथरूमच्या दारातूनच डॉक्टरांकडं पिटाळलं.

मी तीन आठवडे जिमला गेले नाही. पहिले दोन दिवस सोडले तर निजूनही राहिले नाही. फिजिओथेरपिस्टनं रोज थोडं चालायला लावलं. पण त्या दोन दिवसांत पडल्या पडल्या पुष्कळ ऐकलं. आत्या शेजारी बसून शेंगा फोडायच्या आणि एकेक दुखणं काढायच्या, कुणाला कधी झालं होतं ते सांगत. कळ येते आणि जाते, तिच्याकडं जरा बघत राहायचं. ठणका बसल्या जागीही ठणकतो, रात्री वाढतो, आत काहीतरी पिकलं-सुजलंय. चमक विजेसारखी, जिथं निघाली तिथून पुढं काम करायचं नाही. सणक पायातून खाली उतरली तर नस. पोटरीत गोळा आला तर अंगठा ओढायचा. लचकलेलं सुजतं, आंबलेलं सुजलेलं दिसत नाही. अवघडणं हे न हलल्याचं दुखणं, ते हललं की जातं ("हे तुझ्या हापिसाचं," त्या म्हणाल्या). आणि अंग मोडून आलं, कसकस वाटली, तर ते कामाचं नव्हेच, ताप येणार.

जिममध्ये या सगळ्याला मिळून एकच शब्द आहे, पेन. 'काकू, पेन आहे का?' 'नो पेन नो गेन' भिंतीवर लिहिलंय, लाल अक्षरात. पेन कुठला ते भिंत सांगत नाही. आंबल्यावर जायचं असतं आणि चमक निघाल्यावर जायचं नसतं, आणि दोन्हीला एकच शब्द असेल तर नव्या माणसानं करायचं काय? एकतर तो पहिल्याच आंबण्याला घाबरून घरी बसतो, नाहीतर चमकेलाही आंबणंच समजून रेटत राहतो. मी पाच आठवड्यांत दोन्ही दुखणी भोगून झाले होते.

परत गेले तेव्हा जिमवालीला हे सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझा गुडघा गेला ना, त्याच्या आधी महिनाभर आतून काहीतरी सटकल्यासारखं व्हायचं. मी सरांना म्हणायचे पाय दुखतोय. ते म्हणायचे, दुखणारच." थोडं थांबून म्हणाली, "आमच्या आजीला सांगितलं असतं तर तिनं खेळू दिलं नसतं." आणि माझ्या हातात पाचऐवजी दोन किलोचं डंबेल दिलं. दोन! पलीकडची नवी बाई चारचं घेऊन उभी होती. मला ते दोन किलो उचलायला जितकं जड गेलं तितकं काहीच गेलं नव्हतं.

आता वर्ष झालं. एचबीए१सी ५.८ आहे. त्यात व्यायामाचं किती आणि दुपारच्या चहातली साखर सोडल्याचं किती, कोण जाणे. पेढ्यांच्या गावात राहून तेही सोपं नव्हतं. पूर्ण बैठक मला येत नाही, टाचा उचलल्या जातात, आणि आता त्या टेकतील असं वाटत नाही. उजवा हात डोक्यावर सरळ जात नाही, कानाच्या थोडा पुढंच थांबतो. आरशात आधी तो वाकडेपणा बघवायचा नाही. आता तो हात तिथवरच जातो, एवढंच. सिलिंडर मी फिरवत आणते.

गेल्या महिन्यात फिजिओनं आत्यांनाही व्यायाम दिला. खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि सावकाश बसायचं, पाच वेळा. पहिल्या दिवशी त्यांनी आठ केले. मी पाचच म्हणत होते. "ह्ये काय काम हाय व्हय?" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी शेजारणीला उठून-बसून दाखवलंसुद्धा.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या खोलीतून चपलांचा आवाज आला नाही. मी जाऊन बघितलं. पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, दोन्ही तळवे मांड्यांवर ठेवून.

"आत्या, काय झालं? दुखतंय का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, बावळट प्रश्न विचारल्यासारखं.

"दुखत न्हाई," त्या म्हणाल्या. "आंबलंय. हात दे."